भिंतीवरची मिरवणूक

—नाही नाही, बादली पहिले खाली ठेव. ठेव म्हणतो ना. चुना काही पळून नाही जाऊन राहिला, भिंतही कुठं नाही जाऊन राहिली. बस इथं नालीवरच्या पुलियावर दोन मिनिटं, सावली आहे. आणि हिंदी कावून बोलून राहिला माह्यासंग? आताच बादली पायावर हिंदकळली तवा मराठीत शिवी देल्ली तू, मी ऐकली. कुठचा? तुमसरचा? मंग झालं, आपलाच माणूस. नाव? चंपत. बरं, चंपतभाऊ, मी जानराव. भिलाईच्या लोखंडाच्या प्लांटात पेंटर आहो — आर्टिस्ट-बिर्टिस्ट नाही, पेंटर. क्रेन किती टनाची ते आकडे लिहितो, पॅनेलवर खतरा लिहून खाली कवटी काढतो, गॅसच्या पाइपले पिवळा रंग, पाण्याच्या पाइपले हिरवा. अठरा वर्षं झाली. आणि हे चित्र तू जे पुसाले आला ना, हे माह्या हातचं आहे. म्हणून म्हणतो, बस. तुले एकच मागतो — पाच वाजेपर्यंत हात नको लावू. पाच वाजता एक माणूस येणार आहे इथं, त्याले एकदा पाहू दे. मंग तू चुना लाव, डांबर लाव, जे लावाचं ते लाव.

ठेकेदार ओरडन? ओरडू दे. सांगजो, एक टकल्या भिंतीले पाठ लावून बसला होता, उठेच ना. ठेकेदाराले मी ओळखतो, त्याच्या ट्रकवरचं नाव मीच लिहिलं, अजून चहा नाही पाजला त्यानं. कागद काय म्हणते तुह्या खिशातला? माहीत आहे मले, राहू दे, ऑफिसची हिंदी — ‘पुलिया के पास का चालीस फुट भाग पोता जाए.’ चाळीस फूट. म्हणजे बाकी दोनशे फूट ठीक आहे, तेवढे चाळीसच त्याईच्या डोळ्यात खुपले. आणि नेमकं चाळीस फुटासाठीच मी बाकीचे दोनशे काढले होते, हे कोणाले सांगतोस.

पाहाले जाशीन तर मी कोणाच्या दारी नव्हतो गेलो भाऊ, मले भिंत द्या म्हणून. साहेबाईची कमेटी बसली होती — हा सायकलचा रस्ता सजवाचा. आमचे अरुणकुमार साहेब, नागपूरचे, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी, सकाळी साडेपाचले फिराले निघतात ते — त्याईनं कोण्या मासिकात पाहिलं होतं की कोण्या देशात फिराच्या रस्त्यावर, सायकलच्या रस्त्यावर चित्रं राहतात, पुतळे राहतात. मले बलावलं. म्हणे, जानराव, फिरणाऱ्या माणसाले, ड्यूटीवर जाणाऱ्या सायकलवाल्याले काही पाहाले पाहिजे. मी म्हटलं, साहेब, ड्यूटीवर जाणारा सायकलवाला फक्त घड्याळ पाहाते. हसले. मंग त्याईनं मले कागद देल्ला, त्यावर काय काढाचं ते कमेटीनं ठरवलेलं — उगवता सूर्य, कबुतर, आणि हातोडा घेतलेला माणूस वर आभाळात पाहून राहिला. मी म्हटलं, साहेब, हातोडा हातात असताना वर पाहिलं तर तो अंगठ्यावर पडते. आमच्या शॉपात, म्हणजे प्लांटातल्या आमच्या खात्यात, कोणीही सांगन. आता हे मी बोलाले नव्हतं पाहिजे, पण माह्या जिभेले लगामच नाही, शालू — माही बायको — ती म्हणते, तुमाले प्रमोशन नाही भेटलं ते हातामुळं नाही, तोंडामुळं. पण साहेब दिलदार माणूस. म्हणे, मंग तूच सांग काय काढतोस. मी म्हटलं, या रस्त्यानं जे जाते ते.

तर तेच काढलं. पाय जरा सरकव — तिकडं पाह्य, गुलमोहराखाली. त्या कुरुद गावच्या रेजा, बांधकामावरच्या बाया. सकाळी सातले लाइनीनं येतात, डोक्यावर डबा, डब्यावर घमेलं उलटं, तोंडानं एकसारखं भांडण. भांडण कसं काढाचं ते नाही जमलं मले, पण हात पाह्य त्याईचे, हातात भांडण आहे. त्याच्या पुढं रविवारचा बाजार — एका सायकलवर नवरा, बायको, पुढं नळीवर दोन लेकरं, आणि कॅरिअरच्या बाजूले उलटी लटकवलेली कोंबडी. रंग? रंग जो स्टोअरमधे होता तो. तोंडाचा रंग कुठून आणाचा? आमच्याकडं रेड ऑक्साइड — लोखंडाले जंग नको म्हणून पहिला हात मारतो ना, तो. त्याच्यानं सगळ्याईचे चेहरे. लोक म्हणे, जानराव, तू सगळ्याईले भट्टीसमोर उभं केलं. म्हटलं, आहेतच ना भट्टीसमोर. सात महिने लागले. ड्यूटी सुटली की इथं, रविवारी पूर्ण दिवस इथं, शालू डबा इथंच आणे. आणि काय गंमत झाली सांगू — दोन वाजताची शिफ्ट सुटे तवा इथं सायकलीचा जाम लागे. जो तो हँडल सोडून भिंतीकडं बोट दाखवे, अबे तो पाह्य तुहा सासरा, मागचा येऊन धडके. तिघं पडले एका दिवशी. शिव्या मले. पण पडलेला माणूस उठून पहिले भिंतीकडंच पाहे. अठरा वर्षं कवट्या काढल्या भाऊ, कोणी सायकल थांबवून नव्हतं पाहिलं.

आणि मंग हे. हे चाळीस फूट.

हे काय आहे, तुले दिसते का? बारात? सगळे तेच म्हणतात. बारात नाही, ही रिटायरमेंट आहे. आमच्या शॉपात रीत आहे — माणूस रिटायर झाला की शेवटच्या दिवशी त्यानं पायडल नाही माराचं. त्याले हार घालाचा, त्याच्याच सायकलवर बसवाचं, आणि त्याच्या हाताखाली जो शिकला असन त्यानं हँडल धरून पायी चालाचं, बाकी पूर्ण शॉप मागून. गेटापासून तर त्याच्या क्वार्टरच्या दारापर्यंत. तो माणूस नुसता हात जोडून बसला राहते. दारात त्याची बाई ताट घेऊन उभी. हार बी चेल्यानंच आणाचा, दुसऱ्या कोणी नाही घालाचा. चेला आला नाही तर बाकीचे हलत नाहीत, अशी रीत. तर सायकलवर बसलेले ते मारोतराव. वर्ध्याकडचे. सेक्टर दोनमधे राहतात, आमच्यापासून चार क्वार्टर सोडून. त्याईनं मले शिकवलं. मी आलो तवा मले ब्रश धरता नव्हता येत, मी तर भिंती पोताले लागलो होतो, तुह्यासारखा — राग नको येऊ देऊ. त्याईनं सुतळीले खडू लावून सरळ रेघ कशी मारतात ते शिकवलं, अक्षर भिंतीवर बसवाचं कसं, श्वास कुठं सोडाचा. माह्या पोरीच्या लग्नात मांडवावरचं नाव त्याईनं लिहिलं. आणि हँडल धरलेला हा — टकल्या — हा मी. मागं शॉपचे चौदा जण. मोजून पाह्य, चौदा. आणि हार. गॅसच्या पाइपचा पिवळा आहे तो, मस्त पिवळा, लांबून दिसते, दीड फर्लांगावरून पहिले हारच दिसते.

तिथंच घोडं अडलं. आता तूच सांग, भिंतीवर माणसाचं चित्र, गळ्यात हार — तुह्या मनात काय आलं पहिले? खरं सांग. पाह्य. तुह्या बी मनात तेच आलं. पण माह्या नाही आलं. शप्पथ. आमच्या घरी भिंतीवर एकच फोटो, बाबासाहेबांचा, त्याले रोज ताजा हार, माह्या मायनं घातला, मी घालतो, माही पोरगी तिच्या घरी घालते. हार म्हणजे माणूस मोठा, एवढंच माह्या डोक्यात बसलेलं लहानपणापासून. आणि प्लांटात हार म्हणजे रिटायर. मेलेल्याचा हार माह्या डोक्यातच नाही आला. सात महिन्यात एक डाव नाही आला. पण रस्त्यानं जाणारे काय, त्याईले काय माहीत शॉपची रीत? कुरुदच्या बायाईनं तिसऱ्या दिवशी भिंतीखाली झेंडूची फुलं ठेवली आणि हात जोडून गेल्या. कुम्हारीचा एक फिटर, जुना ओळखीचा, सायकलवरून उतरला, पाहिलं, आणि सीधा मारोतरावच्या दारात जाऊन उभा — तोंड पाडून. दार कोणी उघडलं? मारोतरावनंच. बनियनवर. तो फिटर म्हणते, तो तिथून पळाला ते पुलियापर्यंत मागं नाही पाहिलं. आता मी सांगतो तवा लोक हसतात, मी बी हसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी साधनावहिनी, म्हणजे मारोतरावची बायको, आमच्या घरी आल्या. बसल्या नाही. पाणी नाही घेतलं. शालूले म्हणे, माह्या नवऱ्याले जित्तेपणी भिंतीवर टांगलं तुह्या नवऱ्यानं, भाजी घ्याले गेली तर बाया माह्या कपाळाकडं पाहतात. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर नाही आलो. कावून? असंच. पायात चप्पल नव्हती.

मंग अरुणकुमार साहेबांनं बलावलं. चांगलं बोलले, मी खोटं नाही बोलणार. म्हणे, जानराव, तेवढा हार पुसून टाक, अर्ध्या तासाचं काम, वाद मिटला. शालू बी तेच. शॉपचे बी तेच. सगळे जण मले समजावून राहिले जसं मी लहान लेकरू आहो. पण हार पुसला तर राहिलं काय? सायकलवर बसलेला एक माणूस आणि मागं चौदा जण. पोलीस घेऊन जाऊन राहिले वाटन. मी नाही म्हटलं. साहेब म्हणे विचार कर. मी म्हटलं केला. शालू बी वैतागली. म्हणे, सुंभ जळते पण पीळ नाही जात तुमचा. जळू दे. या चित्रात हारच आहे भाऊ, बाकी सगळं हाराच्या मागं-पुढं आहे. तेवढा हार त्याईच्या गळ्यात पडला पाहिजे होता. मी जो — जो आणाले पाहिजे होता.

नाही, काही नाही. बिडी आहे का? दे एक. शालूले नको सांगू, म्हणजे तू कुठं सांगशीन.

आणाले पाहिजे होता म्हणजे — आता तुह्यापासून काय लपवाचं, तू उद्या दुसऱ्या भिंतीवर जाशीन. पंच्याऐंशीचा मार्च, मारोतरावच्या रिटायरमेंटचा. त्याच महिन्यात चार्जहँडची, म्हणजे शॉपच्या मुकादमाची, लिस्ट लागली. मारोतरावची खुर्ची खाली होणार होती, सगळ्याईले वाटे जानराव बसन. मले बी वाटे. आणि साहेबानं मारोतरावले विचारलं, तुमच्या मागं कोण? त्याईनं देवरावचं नाव सांगतलं. देवराव. माह्यापेक्षा सहा वर्षं लहान, सरळ रेघ मारता येत नाही त्याले सुतळीशिवाय. मी विचारलं त्याईले, का म्हणून? म्हणे, जानराव, हात तुहा चांगला आहे, पण माणसं सांभाळाची आहेत, तुह्या तोंडानं शॉप फुटन. तोंडावर बोलले. बरोबर बोलले असतीन. पण तवा मले ते बरोबर नाही वाटलं, तवा माह्या अंगाची आग होऊन राहिली होती. आणि एकतीस मार्चले — हार मी सांगून ठेवला होता, पॉवर हाऊस म्हणतात त्या वस्तीच्या बाजारात, झेंडूचा. घ्याले नाही गेलो.

बाकीचे? बाकीचे कावून नाही आले? तू बी बरोबर तेच विचारतो. बाकीचे मले विचाराले आले होते सकाळी — जानराव, किती वाजता निघाचं. मी सांगतलं, मारोतराव म्हणतात मले तमाशा नको, मी चुपचाप जाईन, कोणी नका येऊ. झालं. रीतच तशी, चेला जे सांगन ते. त्याईनं असं काही म्हटलं नव्हतं. त्याईनं नवीन शर्ट घातला होता, पांढरा. गेटाजवळ उभे होते. दोन वाजता बी शिफ्ट पूर्ण आत गेली, ए शिफ्ट पूर्ण बाहेर आली, तरी उभे. मी पाहिलं. कुठून म्हणजे, चहाच्या टपरीच्या मागून पाहिलं. साडेतीन वाजले तवा त्याईनं सायकल काढली, टांग मारली आणि स्वतः पायडल मारत गेले, याच रस्त्यानं, याच भिंतीच्या बाजूनं. तिकडं दारात वहिनी ताट घेऊन, शेजारच्या चार बाया घेऊन उभ्या. शालू बी होती त्यात. शालूनं मले रात्री विचारलं, काय झालं, कोणी कावून नाही आलं? मी म्हटलं मले काय माहीत. अजून तिले माहीत नाही. तुले सांगून बसलो पाह्य, ज्याचं नाव मले आताच कळलं.

त्या दिवसापासून मारोतराव या रस्त्यानं येत नाहीत. बाजारात जाचं असन तर मोठा फेरा घेऊन दवाखान्याकडून जातात. माह्यासंग बोलत नाहीत असं नाही, नमस्कार केला तर नमस्कार करतात, बस. दोन वर्षं. मी दारात जाऊन काय म्हणू? माफ करा म्हणू? जीभ एवढी चालते माही, तिथं नाही चालत. म्हणून मले वाटलं भिंत भेटली तर भिंतीवर करून टाकू. जो नाही झाला तो दिवस काढू. पूर्ण काढू, चौदाच्या चौदा माणसं, हार, सगळं. ते एक डाव इथून जातीन, सायकल थांबवतीन, पाहतीन, समजतीन. काही बोलाची गरज नाही. आणि कोण्या फिरणाऱ्या साहेबाच्या बायकोले हार अशुभ वाटला असन, नाही तर देवरावनं लावालावी केली असन — त्यालेच चित्रात सगळ्याच्या मागं काढला ना मी, त्याचाच राग — केली तक्रार, आणि आला तू चुना घेऊन. एवढं ज्याच्यासाठी केलं त्यानं अजून पाहिलंच नाही. शालूनं वहिनीले पटवलं आहे, आज पाच वाजता भाजीच्या निमित्तानं त्या मारोतरावले या रस्त्यानं घेऊन येतीन. म्हणून म्हणतो पाच. तुहं काय जाते दोन-तीन तासात? तू झोप. मी उठवतो.

काय? नाही, ऑर्डर पाहिली मी, माहीत आहे ती. मागं दुसरा कागद टाचलेला आहे? तक्रारीचा असन. दाखव, कोण आहे तो महाभाग तर पाहू. उन्हात धर — चष्मा नाही आणला.

हे अक्षर.

थांब. सरळ आहे पाह्य किती. कोऱ्या कागदावर, रेघ नाही काही नाही, तरी सुतळी मारल्यासारखं. हे अक्षर असं एकच माणूस लिहिते भिलाईत.

‘महोदय, हार से मुझे कोई आपत्ति नहीं है. परन्तु चित्र में मेरे पीछे जो लोग दिखाए गए हैं, वे उस दिन आए नहीं थे. मैं अकेला घर गया था. अतः यह झूठा चित्र मिटाया जाए.’ खाली सही. प्लांटातला टोकन नंबर बी टाकला आहे, रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी. तारीख — तारीख मागच्या महिन्याची, अकरा.

म्हणजे येऊन गेले. मागच्या महिन्यातच येऊन गेले, उभं राहून पाहिलं, चौदा माणसं मोजली.

नाही, काही नाही झालं मले. तू नको उठू. चुन्याची कुची दे इकडं. दे, तुले नाही जमणार हे, कडेकडेनं कराचं काम आहे, सायकलले धक्का नाही लागला पाहिजे. ऑर्डरमधे चाळीस फूट आहे, माहीत आहे मले, चौतीस करू, सायकलचे सहा राहू देऊ, कोणी पट्टी घेऊन नाही येत. पहिले हा टकल्या पुसाचा. मंग मागचे चौदा. मंग हार, तो बी त्या दिवशी नव्हता. फक्त — हँडल मी धरलं होतं ना, म्हणून त्याईचे हात जोडलेले काढले होते. आता कोणीच धरलं नाही म्हटल्यावर ते हात हँडलवर आणा लागतीन, नाही तर माणूस पडते. हात नव्यानं काढा लागतीन. रेड ऑक्साइड घरी आहे थोडा.

पाच? नाही, पाचले कोणी नाही येत आता. तू जा. ठेकेदाराले सांग काम झालं. बादली राहू दे इथं, संध्याकाळी पोचवतो. जा म्हटलं ना भाऊ, जा.